आठच्या जागी चार

नागपूर, १२ जानेवारी २०२५

सोमारी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते. टाकलं असशील तरी तक्रार नाही. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून टपालाची वाट धरली. पत्ता तुझ्या आईने दिला. तिच्यावर रागावू नको, मी फार गयावया केली.

आई ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर भेटली. मी घरी सिंदेवाहीला निघाले होते आणि ती गुडघे दाखवून दवाखान्यातून आली होती. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने पिशवीत हात घालून बोरं काढली आणि म्हणाली, "खा, वाळली हायेत, पन गोड हायेत." तू राजुऱ्याला साड्यांच्या दुकानात आहेस असं सांगितलं. आणखीही काही बोलली, ते नंतर कधीतरी.

हॉस्टेलची फार आठवण येते. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तू सोल्डरिंग करायचीस आणि मी शेजारी बसून धूर फुंकायचे. एवढंच काय ते माझं काम. मुलं म्हणायची, सोमारीचा हात म्हणजे मशीन. तू म्हणायचीस, मशीन बिघडते.

आणि एक राहिलं. तुमच्या गावच्या डब्याचा जो अहवाल गेला, त्यात काही गोष्टी जरा घाईत लिहिल्या गेल्या होत्या. तुला त्याचा त्रास झाला असेल तर वाईट वाटतं. सविस्तर पुन्हा लिहीन.

तुझी
रंजीता


सिंदेवाही, ९ फेब्रुवारी २०२५

सोमारी,

मागचं पत्र पेटीत टाकून परत फिरले आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. 'लिहिल्या गेल्या होत्या' म्हणे. कोणी लिहिल्या? भुताने? मी लिहिल्या. सही माझी आहे. आणि 'त्रास झाला असेल तर' हे तर मी एखाद्या बँकेने गिऱ्हाइकाला लिहावं तसं लिहिलं.

आई स्टँडवर जे बोलली ते आता लिहिते. म्हणाली, "माही पोरगी आता घरातल्या लाइटचं बटन दाबाले बी भेते. दुसऱ्याले सांगते, तू दाब. तुले तं मालूम असंन बाई, असं काऊन होते?" मी म्हटलं, मला माहीत नाही. बोराची बी तोंडात तशीच राहिली. ती बिचारी मलाच इलाज विचारत होती.

तेव्हा आता क्रमाने लिहिते. तुला बरंचसं माहीत आहे, तरी लिहिते, कारण क्रम सोडला की मी पळवाट शोधते.

कुसुमटोल्याच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यात नाल्यापलीकडचं पूर्वेचं जंगल धरायचं होतं. कागदावर तुमच्या गावाची शीव नाल्याशीच संपते. नाल्यापलीकडे ती कुठल्या दगडावरून, कुठल्या झाडावरून जाते, हे सगळं पाठ असलेला माणूस एकच उरला होता, तुझा आजा कोलू. आमच्या संस्थेने गावागावांत आवाज साठवणारे डबे द्यायचं ठरवलं. बोर्डावर चिपा बसवायला मी तुला बोलावलं आणि डब्याच्या आतलं लिखाण, म्हणजे सॉफ्टवेअर, माझ्याकडे होतं. फेब्रुवारी बावीसमध्ये आजा तुला घेऊन दोन दिवस शीव चालला. प्रत्येक ठिकाणाचं गोंडी नाव, कोणी कुठे काय पुजलं, कुठे कोण पुरलंय, सगळं बोलला आणि डबा तुझ्या हातात होता. ऑगस्टमध्ये आजा गेला. पुढच्या मे महिन्यात सुनावणीसाठी आपण डबा उघडला तर आत वाचता येण्यासारखं काही नाही.

अहवालात मी लिहिलं की सांभाळणाऱ्या व्यक्तीने चालू डब्याची वायर वारंवार ओढली आणि डबा चुलीजवळ ठेवला, त्यामुळे साठवण खराब झाली. सांभाळणारी व्यक्ती म्हणजे तू. ग्रामसभेने तुला डब्याच्या कामावरून काढलं. तू गाव सोडलंस. आणि मला वाटतं, तू ते खरंही मानलंस. एकदा पावसात गडबडीत वायर ओढल्याचं तूच मला सांगितलं होतंस. मी तेच उचललं.

सोमारी, वायर ओढल्याने काही झालेलं नाही. डबा खराब झाला तो मी लिहिलेल्या एका आकड्याने.

तुला ती फाइल आठवते? बोर्डावर काय काय बसवलंय ते प्रोसेसरला सांगणारी. साठवणीची चिप स्वतः मुकी असते, तिच्याशी बोलतो तो कंट्रोलर. मग कंट्रोलर कुठल्या पत्त्यावर राहतो, कुठल्या तारेवरून हाक मारतो, त्याच्या पदरी किती चिपा आहेत, ते सगळं फाइलीत लिहायचं. प्रोसेसर काही उठून बघायला जात नाही. लिहिलं ते त्याला खरं. तू पहिल्यांदा ती वाचलीस तेव्हा हसत सुटली होतीस, "हा तं पोरीचा बायोडाटा हाय!" तेव्हापासून आपण तिला बायोडाटाच म्हणायचो. शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे 'ओके' लिहावं लागतं, त्यावर तू म्हणायचीस, लग्नाच्या बायोडाट्यात बी सगळ्या पोरी ओकेच असतात.

त्यात एक ओळ दुरुस्तीची असते. चिपेत ठेवलेलं थोडं थोडं आपोआप बिघडतं, उन्हाळ्यात जास्त. म्हणून कंट्रोलरला सांगून ठेवायचं की प्रत्येक तुकड्यामागे इतक्या चुका तू स्वतः दुरुस्त कर. आपल्या जुन्या बोर्डावरच्या चिपेला चार पुरत होत्या. नवीन बोर्ड आले तेव्हा मी जुनी फाइल जशीच्या तशी उचलली. थोरलीचा बायोडाटा धाकटीला लावून दिला.

तू मला सांगितलं होतंस. भिंगातून बघत होतीस आणि म्हणालीस, "रंजी, चिप दुसरी हाय. शेवटचं अक्षर बदललं." मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. म्हटलं, "साइज तेवढीच हाय ना? मंग चालते." तू पुन्हा म्हणालीस, "एकदा कागद तं वाच तिचा." मी म्हटलं, "तू टाके मार ना बाप्पा."

त्या चिपेला आठ लागत होते. मी चार ठेवले. पहिलं वर्ष तुकड्यामागे दोन-तीन चुका होत होत्या, त्या निस्तरल्या गेल्या. मग पाचवी झाली, सहावी झाली. चारच्या वर गेलं की कंट्रोलर हात वर करतो आणि तो तुकडा गेला. सेहेचाळीस अंशांचे दोन उन्हाळे त्या डब्याने काढले. तू तो कुठेही ठेवला असतास तरी हेच झालं असतं.

हे मी आधी सांगायला हवं होतं. आज सांगतेय. मनातलं सगळं लिहिलं आहे आता.

रंजीता


नागपूर, २ मार्च २०२५

सोमारी,

'सगळं लिहिलं आहे' हेही खोटं होतं. मला वाटलं चूक कबूल केली की सुटले. चूक कोणाचीही होते, माफही होते, असा माझा हिशोब. पण ही चूक मला माहीत होती.

डबे गावांत वाटायच्या आठवडाभर आधी मोठ्या लोकांना दाखवायचे होते. चाचणीला डबा सुरू केला तर पडद्यावर भराभर ओळी येतात ना, त्यात एक ओळ आली: तुमची दुरुस्ती या चिपेच्या गरजेपेक्षा कमी आहे. अगदी स्पष्ट. मी ती दोनदा वाचली. तेव्हा आकडा बदलणं एका मिनिटाचं काम होतं. पण बाराही डबे भरून, तपासून, खोक्यात बंद झालेले होते. आकडा बदलला की आधी लिहिलेलं काहीच वाचता येत नाही, सगळे डबे पुसून नव्याने भरावे लागले असते, आणि संस्थेच्या साहेबांना सांगावं लागलं असतं की मी चिपेचा कागद न वाचता फाइल उचलली. मी दुसरीच सोय केली. सुरू होतानाच्या सगळ्या ओळी झाकणारा एक शब्द असतो, 'क्वाएट'. गप. तो लिहिला. पडदा काळा राहिला, शेवटी संस्थेचं बोधचिन्ह आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागे उभी राहून वाजवत होतीस.

नंतर तू आजाच्या आवाजाची वेगळी कॉपी मागितलीस. मी म्हटलं, डबाच कॉपी आहे, आधीही सांगितलं होतं ना, तो काही विसरत नाही. का म्हटलं? कॉपी काढायला डबा उघडावा लागला असता आणि उघडला की मला ती ओळ आठवली असती. एवढंच कारण. मोठं काही नाही.

आणि आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला तीन आठवडे लागले.

अहवालात 'काहीही परत मिळण्यासारखे नाही' असं आहे. तेही खोटं. सव्वाचार मिनिटं मिळाली होती. पहिल्या दिवसाची, सुरुवातीची. मधेमधे खरखर आहे, पण आजाचा आवाज आहे आणि तुझाही. ती मी लपवली. कारण वायर ओढून फाइल तुटली असती तर ती एका जागी तुटली असती. ही सगळीकडून थोडी थोडी किडलेली होती. जाणत्या कोणी ती तपासली असती तर वायर नव्हे, आकडा सापडला असता. म्हणजे तुझ्या आजाचा उरलेला आवाज माझ्याविरुद्ध पुरावा होता आणि मी तो माझ्या कपाटात ठेवला. दोन वर्षं.

तुम्ही दोघं गोंडीत बोलता आहात. मला गोंडी येत नाही, तुला माहीत आहे; चार वर्षं तुझ्यासोबत राहून जेवण-पाण्याचे शब्द सोडले तर मी शिकले नाही. त्या बोलण्यात एका ठिकाणी माझं नाव येतं. स्पष्ट ऐकू येतं, रंजीता. मग आजा काहीतरी विचारतो आणि तू उत्तर देतेस. मी ते शंभर वेळा ऐकलं असेल. कोणालाही अर्थ विचारला नाही. आमच्या ऑफिसात झिंगू म्हणून धानोऱ्याकडचा, गोंडी बोलणारा मुलगा आहे, जेवायला रोज माझ्यासमोर बसतो. त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा जानेवारीत आणखी दोन गावांचे डबे गेले. तिथे कोणी वायर ओढली नव्हती. साहेब म्हणाले, तिथल्याही सांभाळणाऱ्यांबद्दल लिहा. मी लिहायला बसलेही होते. एका ठिकाणचं नाव रीता, वय एकोणीस. नाव टाइप केलं आणि हात उचलला. त्याच शनिवारी मला तुझी आई भेटली.

साहेबांना मी आता सगळं लेखी दिलं आहे. ते म्हणाले, "आपसात ठेवा." मी नाही म्हटलं, त्यांनी मला कामावरून कमी केलं. त्यात मी काही शौर्य केलं असं समजू नको, दोन वर्षं पगार घेऊनच बोलले. जायच्या आधी उरलेल्या नऊ डब्यांतला आवाज बाहेर काढून घेतला, आकडा आठ केला आणि डबे पुन्हा भरून दिले. ती नऊ गावं वाचली. तुमचं नाही.

सोळा तारखेला कुसुमटोल्यात ग्रामसभा आहे. तुमच्या ग्रामसभेच्या वारलूभाऊंना फोन केला होता. ते म्हणाले, ये.

रंजीता


कुरखेडा, १८ मार्च २०२५

सोमारी,

एसटी उद्या सकाळची आहे, तोवर हे लिहून टाकते. परवा सभेत जे झालं ते तुला गावाकडून कळलं असेलच. तरी माझ्याकडूनही कळावं.

गावाच्या बैठकीच्या घरासमोर, गोटुलासमोर, सगळे बसले होते. मोहफुलांचा हंगाम, तरी बाया पहाटेच वेचून आल्या होत्या. मी उभी राहिले आणि तयार करून नेलेलं बोलायला लागले तशी तुझी भागीरथा काकू म्हणाली, "आधी पानी पी. मंग बोल. पयायची घाई हाय का तुले?" मी पाणी प्यायले. तयार केलेलं सगळं विसरले.

वारलूभाऊंनी पिशवीतून माझा अहवाल काढला. दोन वर्षं जपून ठेवलाय, घडीवर फाटलाय. म्हणाले, "भाषन नको देऊ बाई. मी एकेक ओळ वाचतो. खरी हाय का खोटी हाय, तेवढं सांग." मग ते मराठीत एक ओळ वाचायचे, तीच गोंडीत सांगायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"डब्बा गावाले दिला, तारीख अमुक."

"खरी."

"वायर वारंवार ओढली."

"खोटी."

"चुलीपाशी ठेवला."

"खोटी. मी पाहिलंही नव्हतं तो कुठे ठेवलाय."

"बनवन्यात काही दोष नाई."

"खोटी."

सतरा ओळी होत्या. अकरा खोट्या निघाल्या. मला स्वतःला वाटत होतं चार-पाच असतील. प्रत्येक खोटीवर वारलूभाऊ पेनाने रेघ मारत होते आणि लोक बोटांवर मोजत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुझी आई मागे बसली होती. पदर तोंडाला लावून. मी तिच्याकडे बघू शकले नाही, पण 'लाइटचं बटन' ऐकू आलं, शेजारणीला सांगत होती.

मग मी सव्वाचार मिनिटांचं सांगितलं. वारलूभाऊ म्हणाले, लाव. मी म्हटलं, यात काय आहे मला कळत नाही. ते म्हणाले, "आमाले कळते ना."

आजाचा आवाज निघाला तशा म्हाताऱ्या बाया पुढे सरकल्या. एकीने हात जोडले. दोन दगडांची नावं आली, लोक मान हलवत होते, तिसरं नाव खरखरीत गेलं. त्यापुढे माझं नाव आलं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी बसलेल्या भागीरथा काकूला विचारलं, काय म्हणते ती? काकू सांगेना. शेवटी वारलूभाऊंनी सांगितलं.

तू म्हणतेस, "आजा, सावकाश सांग, काई घाई नाई. रंजीता म्हनते, डब्बा इसरत नाई."

आजा विचारतो, "तुहा भरोसा हाय का तिच्यावर?"

तू म्हणतेस, "माह्यावर हाय त्याच्याहून जास्त."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर लोकांनी समजूत घातली असती आणि ती मला नको होती. मी तशीच बसून राहिले, उघड्यावर कपडे सुटल्यासारखी. सभेतला एक बिरजू नावाचा मुलगा पुन्हा लावा म्हणाला, त्याला दगडाचं नाव नीट ऐकायचं होतं. पुन्हा लावलं. पुन्हा ते सगळं ऐकलं.

सभेने ठराव केला: अहवाल खोटा, सोमारीचा दोष नाही, तिला कामावरून काढलं ती गावाची चूक. खाली सगळ्यांचे अंगठे आणि सह्या आहेत, माझीही आहे. प्रत सोबत जोडली आहे. सुनावणी तीस एप्रिलला आहे. त्याआधी शीव पुन्हा चालायची आणि या वेळी वहीत लिहायची असं ठरलं. म्हाताऱ्यांना मिळून अर्धीअधिक नावं येतात. नाल्यापलीकडची सात कोणालाच येत नाहीत. आजासोबत ती चाललेली फक्त तू आहेस.

वारलूभाऊंनी तिथूनच तुला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तू उचललास. मी तिथे आहे हे त्यांनी तुला आधी सांगितलं. त्यांनी ठराव वाचून दाखवला, नाल्याचं सांगितलं, येशील का विचारलं.  तू एवढंच विचारलंस, "आजाचा आवाज किती राह्यला?"

वारलूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी बोटांनी दाखवलं.

"थो मले पायजे," तू म्हणालीस. "शिवेचं मंग पाहू." आणि ठेवलास.

शीव चालायला मी येणार नाही. मला कोणी नको म्हटलेलं नाही, पण तू मोकळेपणाने चालावंस, मागे कोण आहे याचा विचार न करता. तुला नावं आठवतील. आठवत नाहीत असं तुला वाटत असेल, कारण तूच ती घालवलीस असं मी तुला पटवलं होतं. तू काहीही घालवलेलं नाहीस. हे मी आता सतरा ओळींत नाही, एकाच ओळीत लिहिते, जपून ठेव.

पाकिटात एक छोटं कार्ड आहे, चिकटपट्टीने कागदाला लावलंय. कुठल्याही मोबाइलमध्ये बसतं. एक प्रत वारलूभाऊंकडे दिली आहे, एक तुझ्या आईकडे. माझ्याकडे ठेवलेली नाही.

काल रात्री कार्डात भरताना मनात आलं, मधला तो तुकडा काढून टाकावा. बारा सेकंदांचा आहे. तुला निव्वळ तुझा आजा मिळेल, मधे माझं नाव येणार नाही, तुला ते ऐकावं लागणार नाही, असं स्वतःला समजावत होते. कात्रीच्या खुणेवर बोट नेलं होतं. मग कळलं की मी पुन्हा तेच करते आहे, ओळ झाकते आहे, आणि नाव तुझ्या भल्याचं देते आहे.

सव्वाचार मिनिटं पूर्ण आहेत. माझं नाव दुसऱ्या मिनिटाला येतं, लगेच आजाचा प्रश्न आहे आणि मग तुझं उत्तर. ऐकताना तयार असावीस म्हणून सांगते. मी काही कापलेलं नाही.

रंजीता